भाऊंच्या शेजारची रिकामी चौकट

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी विचारलं की त्या सांगायच्या, "सून दिवसभर कॉम्प्युटरवर डबे रचते." सुरुवातीला मला राग यायचा. नंतर लक्षात आलं की इतकं नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

जळगावात मेहरूणला, तलावाच्या अंगाला माझं छोटंसं ऑफिस आहे. दुकानदार, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइट मी करते. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात रंग आणि फोटो एवढंच काम. खरं काम आहे ते वस्तू जागेवर बसवण्याचं, आणि त्या जागेवर राहतील हे बघण्याचं. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर नीट मांडलेलं पान मोबाईलच्या चिंचोळ्या पडद्यावर गेलं की त्याची दाटी होते. नशिराबादचे एक मंगल कार्यालयवाले तावातावाने आले होते. "ताई, मोबाईलवर आमचं स्टेज स्वयंपाकघराच्या खाली गेलं. लोक विचारतात, तळघर बांधलं का?" जामनेरचे एक कापसाचे व्यापारी होते. त्यांचा आग्रह असा की फोन कसाही धरला, उभा की आडवा, पहिला फोटो त्यांचाच दिसला पाहिजे, आणि धाकट्या भावाच्या फोटोपेक्षा अंमळ वर. ते मी करून दिलं. धाकट्या भावाला अजून कळलेलं नाही.

हे सगळं ज्या पद्धतीने करतात तिला फ्लेक्सबॉक्स म्हणतात. एक मोठी चौकट घ्यायची, तिच्या पोटात लहान चौकटी ठेवायच्या. लहान चौकटींनी कसं बसायचं ते मोठी चौकट सांगते. एका ओळीत बसा, मधोमध बसा, सारखं अंतर ठेवा, जागा संपली तर खालच्या ओळीत जा. पूर्वी प्रत्येक चौकटीला हाताने माप द्यावं लागायचं आणि एक हलली की बाकीच्या कोसळायच्या. ही पद्धत आली आणि आमच्या धंद्यातल्या लोकांची डोकेदुखी निम्मी झाली. मी तर तिच्यावर इतकी खूश होते की शिकवण्या घ्यायचे. यात काही लपून राहत नाही, असं मुलांना ठासून सांगायचे. रांग वाकडी दिसली तर तिला कारण असतंच आणि ते सापडतंच.

कारण सापडतं, हे अजूनही म्हणते. पण ठासून म्हणत नाही.

धुळ्याहून एक दिवस फोन आला. मोटारपंपांचं जुनं दुकान, तीन पिढ्यांचं. बोलणारे गृहस्थ साठीचे. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही भाऊच म्हणू लागले. त्यांची वेबसाइट धुळ्यातल्याच एका माणसाने बऱ्याच वर्षांपूर्वी केली होती. तो आता मुलाकडे पुण्याला राहायला गेला होता.

"ताई, काम किरकोळ आहे," भाऊ म्हणाले. "आमच्या साइटवर 'आमचं कुटुंब' म्हणून पान आहे. वर आप्पांचा, म्हणजे वडिलांचा फोटो. ते वारले दोन वर्षांपूर्वी. खाली आम्हा भावंडांचे. मी, मग विलास, मग उषा. मोबाईलवर बघितलं तर माझ्या शेजारची जागा रिकामी दिसते. विलास आणि उषा खालच्या ओळीत जातात. माझ्या पल्लवीची सोयरीक चाललीय. पाहुण्यांनी साइट बघितली आणि विचारलं, तिथे कोणाचा फोटो उघडत नाहीये? मला कसंतरी झालं."

"तुम्हाला काय हवंय?"

"जागा भरून घ्या. तिघं आहोत, तिघं नीट दिसू द्या."

मी पान उघडलं. मोठ्या पडद्यावर तिघं एका ओळीत होते, पण ओळ जराशी डावीकडे कललेली. मोबाईलच्या मापात बघितलं तर भाऊ म्हणतात तसंच. भाऊंच्या उजवीकडे एक अख्खी जागा मोकळी. मी ओळ मधोमध आणायची सूचना लिहिली. काही फरक पडला नाही. सूचना आधीपासूनच होती. ओळ मधोमधच होती, फक्त ती तिघांची नव्हती.

अशा वेळी आम्ही एक साधी युक्ती करतो. पानावरच्या प्रत्येक चौकटीला लाल रेघ आखायला सांगतो. म्हणजे कोण कुठे संपतं ते कळतं. मी ते केलं. आप्पांच्या फोटोभोवती लाल रेघ आली. भाऊंभोवती आली, विलास आणि उषाभोवती आली. आणि भाऊंच्या शेजारी, जिथे काहीच नव्हतं, तिथेही आली. बाकीच्यांइतकीच उंच, बाकीच्यांइतकीच रुंद.

दुपारची वेळ होती. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. तरी मी उठून दार उघडं ठेवलं.

पानावरची गोष्ट नाहीशी करायचे दोन-तीन मार्ग असतात. एक म्हणजे ती पुसून टाकायची. दुसरा, ती ठेवायची पण तिला जागा द्यायची नाही. मग रांग तिच्यावाचून जुळून येते. तिसरा मार्ग सहसा कोणी वापरत नाही. वस्तू पूर्ण पारदर्शक करायची. ती असते. जागा धरते. बोट ठेवलं तर बोटाला लागते. फक्त दिसत नाही. इथे तिसरा मार्ग वापरला होता, आणि तो चुकून झालेला नव्हता. मोठ्या पडद्यावर ती चौकट रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली होती, म्हणजे कोणाला पोकळी जाणवू नये. मोबाईलवर मात्र तिला भाऊंनंतर, वयाच्या क्रमाने बसवलं होतं. चौकटीत फोटो होता आणि फोटोला नाव दिलेलं होतं. शैला.

मी माझ्या पडद्यापुरती पारदर्शकता काढली. पन्नाशीपुढची एक बाई लाकडी खुर्चीत बसलेली दिसली. मागे निळ्या चुन्याची भिंत. केस पांढरे झालेले, साडी साधी, हात मांडीवर. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

मी भाऊंना फोन लावला. "भाऊ, तिथे चौथी चौकट आहे. लपवलेली. शैला म्हणून कोणी आहे का तुमच्यात?"

ते म्हणाले, "नावच राहिलं असेल. काढून टाका."

"नाव नाही, फोटो आहे. पन्नाशीच्या बाई आहेत. केस पांढरे."

"पन्नाशीच्या?"

"पुढेच असतील."

मागे दुकानात कोणीतरी पंप चालू करून बघत होतं, तो आवाज येत राहिला. "ताई," भाऊ म्हणाले, "काही काढू नका. तुम्ही उद्या धुळ्याला येता का?"

जाण्यापूर्वी मी तो फोटो माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. बाकीचे फोटो दुकानाच्या साइटवरच साठवलेले होते. हा नव्हता. तो दर वेळी दुसऱ्याच कुठल्या ठिकाणाहून मागवला जात होता. म्हणजे तिथे जो कोणी फोटो बदलेल, तो इकडे आपोआप बदलणार.

मग मी साइट करणाऱ्या जुन्या माणसाचा पुण्याचा नंबर मिळवला. त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत.

"आप्पांनी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मुलं म्हणतात तिची जागा नको. मी म्हणतो असू दे, पण दिसायला नको. फोटो कुठून घ्यायचा तो पत्ता त्यांनीच चिठ्ठीवर आणून दिला. मी तसं केलं."

"पत्ता त्यांना कुठून मिळाला?"

"विचारलं नाही."

"तुम्ही फोटो बघितला होता?"

"जोडताना बघितला. मग नाही." ते म्हणाले, "तिच्या नावाने आंघोळ झालेली मला माहीत होती ताई. परत बघायची हिंमत झाली नाही."

आंघोळ म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी भाऊंनी सांगितलं. घर दुकानाच्याच मागे, समोर फरसबंद अंगण. आम्ही ओट्यावर बसलो. शैला त्यांच्या पाठची. तिचं लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि एका दुपारी ती दळण घेऊन गेली ती आलीच नाही. डबा गिरणीत सापडला. कोणाबरोबर गेली म्हणावं तर तसं कोणी गावातून कमी झालं नव्हतं. विहिरी बघितल्या, नदी बघितली. लग्नाची तारीख टळून गेली त्या दिवशी आप्पांनी याच अंगणात, सगळ्या भाऊबंदांसमोर, तिच्या नावाने आंघोळ केली. त्या दिवसापासून ती मेली. तिचे फोटो जाळले. नाव घ्यायचं नाही असं ठरलं, आणि कोणी घेतलंही नाही.

"मी पंचवीस वर्षांचा होतो," भाऊ म्हणाले. "पाणी मीच ओतलं."

आतल्या खोलीत अक्का, म्हणजे भाऊंच्या आई, पलंगावर बसल्या होत्या. काचबिंदूने त्यांची नजर केव्हाच गेलेली. पल्लवीने त्यांना बोलणारा फोन घेऊन दिला होता. पडद्यावरून बोट फिरवलं की त्या त्या ठिकाणी काय आहे ते फोन बाईच्या आवाजात सांगतो. आंधळ्या माणसांसाठीची ती सोय. अक्का कीर्तनं ऐकत, बाजारभाव ऐकत, आणि रोज दुपारी आपल्या घराचं पान उघडून मुलांची नावं ऐकत.

माझी चाहूल लागताच त्यांनी अहिराणीत विचारलं, "कोन शे?"

भाऊ म्हणाले, "जळगावच्या ताई आहेत. कॉम्प्युटरवाल्या."

"बस बाई." त्यांनी हात चाचपत माझं मनगट धरलं आणि फोन माझ्या कानाजवळ आणला. दुसऱ्या हाताच्या बोटाने पडद्यावर हळूहळू रेघ ओढली. फोनने भाऊंचं नाव घेतलं. बोट उजवीकडे सरकलं, रिकाम्या पांढऱ्या जागेवर आलं. त्याच सपाट, थंड आवाजात फोन म्हणाला, "शैला. चित्र."

दारात उभ्या असलेल्या पल्लवीने तोंडावर हात ठेवला.

"आयकं ना तू?" अक्का म्हणाल्या. "मी सांगस तं बठ्ठा माले येडी म्हनतस. डाक्टरकडे लई गयात."

घरात कोणी कान लावून ऐकलं नव्हतं, वेड्यात काढून डॉक्टरकडे नेलं होतं, तरी मला त्यांच्या आवाजात राग ऐकू आला नाही. फक्त कोणीतरी दुसऱ्याने ऐकलं याचं समाधान होतं. मग त्या भिंतीकडे तोंड करून बोलल्या. "पोरेसना बाप तठे बोट ठेईसन बशे. मी इचारू तं म्हने, काही नही."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही आठवलं, ते सांगू लागले. आप्पा शेवटी शेवटी तासन्‌तास मोबाईल घेऊन बसत आणि पडद्याच्या कोऱ्या भागावर बोट दाबून धरत. घरच्यांना वाटे म्हातारपणाने होतंय. न दिसणाऱ्या फोटोवर बोट दाबून धरलं तर तो वेगळा उघडून बघता येतो. मी तसं भाऊंना सांगितलं.

मी लॅपटॉप उघडला. आदल्या दिवशी उतरवून घेतलेला फोटो भाऊंसमोर धरला. त्यांनी चष्मा लावला. त्यांना फार वेळ लागला नाही. "भुवईवर खूण आहे," ते म्हणाले. "लहानपणी हौदावरून पडली होती. तीच आहे."

"कोन?" अक्कांनी विचारलं. भाऊ म्हणाले, "शैला आहे, अक्का. फोटो आहे तिचा."

अक्का रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कशी दिखस? तिना केस पिकनात का?"

"हो. सगळे."

मी साइटवरचं पान पुन्हा उघडलं, पारदर्शकता माझ्यापुरती काढली. तीच निळी भिंत, तीच खुर्ची. पण साडी दुसरी होती. कालच्या फोटोत हात मांडीवर होते, आज एक हात खुर्चीच्या दांडीवर होता. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. भाऊंना काही सांगावं लागलं नाही.

"आजचा आहे?" त्यांनी विचारलं.

फाइल केव्हा ठेवली हे बघता येतं. मी बघितलं. "आज सकाळचा."

"म्हणजे आप्पा गेल्यावरही..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते मी मनात पुरं केलं. ज्याच्यासाठी हा फोटो ठेवला जात होता तो माणूस दोन वर्षांपूर्वी गेला होता. तिला ते माहीत नव्हतं, की माहीत असूनही ती रोज येऊन बसत होती, याचा पत्ता लागायला मार्ग नव्हता. आणि हेही मला सुचल्यावाचून राहिलं नाही की खुर्चीत बसून कोणी स्वतःचा असा फोटो काढत नाही. समोर कोणीतरी उभं असतं.

"हिचा पत्ता काढता येईल?"

"फोटो जिथे ठेवलाय त्या कॉम्प्युटरचा लागतो. तो परदेशात कुठेतरी आहे. भाड्याने घेता येतो, नाव न सांगता. माणसाचा पत्ता लागत नाही, भाऊ."

मी प्रयत्न केला नाही असं नाही. नंतर महिनाभर केला. ओळखीच्यांना विचारलं, भाऊंनी पोलिसांतही सांगून बघितलं. सज्ञान बाई, स्वतःहून गेलेली, तक्रार जुनी. त्यांनी कागद ठेवून घेतला. पण त्या दुपारी आमच्या हातात एकच गोष्ट होती.

भाऊ ओट्यावर गेले, अंगणात बघत उभे राहिले, परत आले. मला वाटलं आता म्हणतील, काढून टाका. मुलीची सोयरीक चालली होती, आणि पळून गेलेल्या आत्याची गोष्ट पाहुण्यांपुढे काढायला कोणता बाप तयार होईल?

"तिला दिसू द्या," ते म्हणाले.

"सगळ्यांना? साइटवर?"

"हो. खाली लिहा, थोरली मुलगी."

काम एका आकड्याचं होतं. किती दिसायचं त्याचा आकडा शून्य होता, त्या शून्याच्या जागी एक लिहायचा. मी तो लिहिला आणि पान मोबाईलच्या मापात पुन्हा उघडलं. चार चौकटी. दोन वर, दोन खाली. ओळ मधोमध. इतकी वर्षं हे काम करून इतकी नीट बसलेली रांग मी बघितली नव्हती, आणि तरी अंगावर काटा आला. कारण मोकळी जागा भरली तसं त्या बाईचं बघणं सगळ्या खोलीवर आलं. पल्लवीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग आजीशेजारी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचायच्या आत भाऊंचा फोन. "ताई, तुम्ही काही केलंत?"

मी पान उघडलं. भाऊंच्या शेजारी निळी भिंत होती आणि लाकडी खुर्ची होती. खुर्चीत कोणी नव्हतं.

मी आधी आपली चूक शोधली. काहीच चूक नव्हती. फोटो आला होता, नवा होता, सकाळी ठेवलेला होता. फक्त त्यात ती नव्हती. खुर्चीची गादी बसून बसून जशी खोलगट होते तशी खोलगट दिसत होती.

आपण दिसायला लागलो हे तिने बघितलं असेल, म्हणून उठली असेल. मी भाऊंना हे सांगितलं आणि विचारलं, पुन्हा लपवू का? कदाचित परत येईल. भाऊंनी विचार करायला दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "नको. एकदा आम्ही तिला दिसेनाशी केली. पुन्हा माझ्या हातून नाही व्हायचं. तिला नसेल बसायचं तर नाही."

मला त्यांचं पटलं. तरी हुरहूर राहिलीच. शून्य तसाच राहू दिला असता तर ती अजून रोज बसली असती का, हा प्रश्न मला कामाच्या मधेच आठवतो.

फोटो अजून बदलतो. मी रोज नाही, पण अधूनमधून बघते. खुर्ची तीच. कधी भिंतीवर उन्हाचा पट्टा असतो, कधी नसतो. पावसाळ्यात भिंतीला ओल आली होती, दिवाळीच्या आधी तिला नवा चुना दिलेला दिसला, तोच निळा. कोणीतरी त्या खोलीत रोज येतं, रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहतं आणि फोटो काढतं. अक्कांचा फोन आताही नाव घेतो, कारण नाव मी बदललेलं नाही. अक्का रोज दुपारी विचारतात, "शे का?" घरात जो कोणी असेल तो "शे" म्हणतो. त्यावर वाद होत नाही.

पल्लवीच्या सुपारीला, म्हणजे लग्न पक्कं करायच्या बैठकीला, मला बोलावणं होतं. पाहुणे अंगणात गाद्यांवर बसले होते. फराळ झाला, बोलणी झाली. मुलाच्या आईच्या हातात मोबाईल होता. त्या शेजारणीला साइटवरचं मुलीकडचं कुटुंब दाखवत होत्या. हे व्याही, हे त्यांचे धाकटे बंधू, या उषाताई. मग त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मान वर करून भाऊंना विचारलं, सरळ मनाने, आवाज न चढवता, "दादा, इथे थोरली मुलगी लिहिलंय आणि नुसती खुर्चीच दिसते. कोण आहेत या?"

विलास पान लावत होता, त्याचा हात तबकातच राहिला. भाऊंचे काही जुने भाऊबंद तिथे होते, आंघोळीला हजर असलेले. ते भाऊंकडे बघत होते.

भाऊंनी मोबाईल हातात घेतला, नीट बघितला आणि परत दिला.

"माझी बहीण," ते म्हणाले. "शैला. आत्ताच उठून गेलीय."